तडजोड की माघार?

‘लग्न पाहावे करून आणि घर पाहावे बांधून’ असे आपल्याकडे म्हणतात. ही म्हण ज्या काळात झाली त्या काळात दारात मोटार नव्हती. असती, तर ‘गाडी पाहावी घेऊन’ हे तिसरे कलमही तिला जोडले गेले असते. लग्नात दोन घरांची परीक्षा होते आणि घर बांधताना खिशाची. गाडी घेताना मात्र एकाच घरातल्या दोघांची, म्हणजे नवरा आणि बायको यांची परीक्षा होते. आणि त्या परीक्षेचा निकाल पुढे पाच-सात वर्षे दारात उभा असतो.

कला शाखेच्या विद्यार्थिनीने मोटारीवर काय लिहावे, असे आमच्या काही प्राध्यापकांना वाटेल. मला इंजिनातले फारसे कळत नाही हे आधीच कबूल करते. पण कुटुंबाच्या सोयीची गाडी निवडताना नवरा-बायको ज्याला तडजोड म्हणतात, ती पुष्कळदा एकट्या बायकोची माघार असते, असे माझे मत झाले आहे. हे मत मला कुठल्या पुस्तकात सापडलेले नाही. ते आमच्या अंगणात तयार झाले आहे, म्हणून आधी अंगणातली गोष्ट सांगते.

आमचे गाव तासगाव तालुक्यात. माझे वडील, त्यांना आम्ही अण्णा म्हणतो, खिडक्यांच्या जाळ्या आणि लोखंडी गेट बनवतात. आई ब्लाऊज शिवते, साड्यांना फॉल-पिको करते. घरात आजी, मी आणि धाकटा भाऊ. इतकी वर्षे आमचा सगळा संसार एका मोटारसायकलवर फिरला. टाकीवर भाऊ, मागे मी, माझ्या मागे आई. आणि आजी असली की एस.टी. किंवा वडाप.

२०२३ च्या दसऱ्याला आमच्या घरात पहिली चारचाकी आली. ती जुन्या बाजारातली होती. २०१४ ची, सात आसनांची, डिझेलवर चालणारी, उंच आणि रुंद. किंमत ४ लाख ६० हजार. त्यातले दीड लाख रोख दिले, आणि त्या दीड लाखात आईच्या भिशीचे ६० हजार होते. उरलेल्या कर्जाचा हप्ता महिना ६,९०० रुपये बसला.

गाडी घेण्याआधी महिनाभर घरात हाच विषय होता. आईचे म्हणणे एकच होते, “अहो, छोटी बघू. आत्यांना चढाय-उतरायला जमंल अशी.” (आजीला ती आत्या म्हणते.) अण्णांचे उत्तरही ठरलेले, “तुला गाडीतलं काय कळतंय? रंग कुठला घ्यायचा तेवढं सांग.” आईने तांबडा रंग सांगितला. गाडी पांढरी आली, कारण विकताना पांढऱ्या गाडीला किंमत चांगली येते असे अण्णांच्या मित्राने सांगितले होते.

तरीही आमच्या घरात अगदी लोकशाही पद्धतीने निर्णय झाला, हे नमूद केले पाहिजे. एका रात्री जेवताना अण्णांनी आम्हा भावंडांना विचारले, “मोठी का छोटी?” आम्ही दोघे एका आवाजात ओरडलो, “मोठी!” तीन विरुद्ध एक. आई भाकरी वाढता वाढता हसली आणि म्हणाली, “बरं, तुम्हाला आवडंल ती घ्या.” पुढे कोणी विचारले की अण्णा सांगत, “आम्ही दोघांनी विचार करूनच घेतली.” ते खोटे बोलत नव्हते. त्यांना खरोखरच तसे वाटत होते.

माझा दोष मी लपवणार नाही. तेव्हा मी याच महाविद्यालयात बारावीला होते. आमच्या घरातून महाविद्यालयाची पायरी चढणारी मी पहिलीच. अकरावीचे अख्खे वर्ष मी फाटकातून आत येताना खाली मान घालून येत असे. दसऱ्यानंतर अण्णा मला एक दिवस गाडीतून फाटकापर्यंत सोडायला आले. मी मुद्दाम सावकाश उतरले, दार दोनदा लावले. गाडीच्या उंचीने माझीही उंची चार बोटे वाढल्यासारखे त्या दिवशी वाटले. तेव्हा ‘पुरुषांना गाडीचा रुबाब लागतो’ असे म्हणून मी नामानिराळी राहू शकत नाही. तो रुबाब मलाही हवा होता.

त्या रुबाबाची किंमत आजीने दिली. तिचे दोन्ही गुडघे दुखतात. २०२४ च्या सुरुवातीपासून तिला व्यायाम आणि शेक घेण्यासाठी मिरजेला न्यावे लागे. गाडीची पायरी तिच्या गुडघ्याच्याही वर. म्हणून गाडीत एक प्लॅस्टिकचे स्टूल ठेवलेले असे. एके दिवशी ते घरीच राहिले. दवाखान्याच्या आवारात तिला वर चढता येईना. शेवटी अण्णा आणि तिथला एक अनोळखी माणूस, दोघांनी तिला काखेत धरून उचलले आणि आत ठेवले. भोवती माणसे बघत होती. आजी वाटभर काही बोलली नाही. घरी आल्यावर आईला एवढेच म्हणाली, “पोत्यागत उचललं गं मला.” त्यानंतर ‘आता बरं वाटतंय’ असे सांगून तिने मिरजेला जाणेच बंद केले. बरे वाटत नव्हते हे आम्हा सर्वांना दिसत होते. दोन महिन्यांनी आईने तिला समजावले आणि रिक्षाने न्यायला सुरुवात केली. रिक्षाची बैठक आजीला सोयीची पडे. आजी रिक्षात, आणि हप्ता चालू असलेली सात आसनांची गाडी अंगणात कव्हरखाली! हे दृश्य मी अनेकदा पाहिले आणि तेव्हापासून ‘तडजोड’ या शब्दाविषयी विचार करू लागले.

तडजोडीत दोन्ही पक्ष काही सोडतात आणि दोन्ही पक्षांना काही मिळते. माघारीत एकच पक्ष सोडतो. बाहेरून दोन्ही सारख्याच दिसतात, कारण दोन्हींत भांडण होत नाही. घरात भांडण झाले नाही म्हणजे निर्णय दोघांचा, असे आपण धरून चालतो. पण भांडण न होण्याचे एक कारण असेही असते की, एका माणसाने बोलणेच सोडून दिलेले असते.

तरी अण्णांची बाजू मांडल्याशिवाय पुढे जाणे अन्यायाचे होईल. त्यांनी तरुणपणी टेंपोच्या हौद्यात उभे राहून प्रवास केला. लग्नकार्यात लोक गाडीतून उतरताना ते दुचाकी झाडाखाली लावून, अंगावरची धूळ झटकून मांडवात गेले. उद्या माझ्या लग्नाची बोलणी निघतील तेव्हा ‘दारात गाडी कोणती?’ हा प्रश्न कुणी तोंडाने विचारणार नाही, पण डोळ्यांनी नक्की विचारील, हे त्यांना ठाऊक आहे. मान हीसुद्धा माणसाची गरज आहे. ती नाकारून नुसता व्यवहार सांगणाऱ्यांची फजिती कशी होते, याचे मोठे उदाहरण आपल्या देशात घडून गेले आहे.

१० जानेवारी २००८ रोजी रतन टाटा यांनी दिल्लीत नॅनो ही छोटी गाडी लोकांपुढे आणली. स्कूटरवर भिजत जाणारे चौघांचे कुटुंब पाहून या गाडीची कल्पना सुचली, असे त्यांनी सांगितले होते. म्हणजे ती नेमकी आमच्यासारख्यांसाठीच होती. २००९ मध्ये ती बाजारात आली. मूळ किंमत एक लाख रुपये. कागदावर पाहिले तर दुचाकीवरच्या प्रत्येक कुटुंबाने ती घ्यायला हवी होती. तसे झाले नाही आणि २०१८ मध्ये तिचे उत्पादन थांबले. त्यामागे कारखान्याच्या जागेचा वाद होता, इतरही कारणे होती. पण ‘सर्वांत स्वस्त गाडी’ हा शिक्का तिला भोवला, हे पुढे खुद्द टाटांनीही बोलून दाखवले. जन्मभर पैसे साठवून माणूस गाडी घेतो ती ‘माझ्याजवळ सर्वांत स्वस्त वस्तू आहे’ हे चारचौघांत सांगण्यासाठी नव्हे. तेव्हा अण्णांना मोठी गाडी हवी होती यात मला आता काही चूक दिसत नाही. चूक एवढीच की, त्यांची हौस ‘गरज’ ठरली आणि आईने सांगितलेली गरज ‘बायकी बोलणे’ ठरले.

‘तिला गाडीतले काय कळते’ या वाक्याला उत्तर म्हणून मी एक जुनी हकिकत सांगते. जर्मनीतील कार्ल बेंझ यांनी १८८६ साली आपल्या तीनचाकी मोटारीचे पेटंट घेतले. त्यांच्या उद्योगात त्यांच्या पत्नीचा, बर्था बेंझ यांचा, माहेरचा पैसा गुंतला होता. गाडी तयार होती, पण ती दूरवर जाऊ शकते यावर लोकांचा विश्वास बसत नव्हता. १८८८ च्या ऑगस्टमध्ये बर्थाबाईंनी नवऱ्याला न सांगता आपल्या दोन मुलांना बरोबर घेतले आणि मॅनहाइमहून फोर्झहाइमपर्यंत, म्हणजे शंभरावर किलोमीटर, ती गाडी नेली. फोर्झहाइम हे त्यांचे माहेर. मोटारीचा जगातला पहिला लांबचा प्रवास एका बाईने माहेरी जाण्यासाठी केला, हे वाचून मला फार गंमत वाटली. वाटेत इंधनाची नळी तुंबली ती त्यांनी टोपीच्या पिनेने मोकळी केली. इंधन संपले तेव्हा औषधाच्या दुकानातून विकत घेतले. ब्रेक झिजले तेव्हा चांभाराकडून त्यांना चामडे लावून घेतले. चढ आला की मुलांना खाली उतरून गाडी ढकलावी लागली. परत आल्यावर त्यांनी नवऱ्याला सांगितले, की चढासाठी आणखी एक गिअर हवा. तो पुढे बसवला गेला.

इंजिन नवऱ्याने बनवले होते, यात शंका नाही. पण मुले घेऊन घाट चढताना काय होते, हे बाईंना कळले होते. गाडीचे ज्ञान दोन प्रकारचे असते. एक यंत्राचे आणि एक तिच्यातून जाणाऱ्या माणसांचे. आमच्याकडे पहिले ज्ञान अण्णांकडे आणि दुसरे आईकडे. कुणाचे गुडघे दुखतात, कुणाला मागे बसले की उलटी होते, पिशव्या किती असतात, हे तिला पाठ असते. खरी तडजोड व्हायची तर ही दोन्ही ज्ञाने एका पाटावर बसली पाहिजेत.

ती बसवायची कशी? आमच्या घरी ते काम भिंतीवरच्या कालनिर्णयाने केले. आई कॅलेंडरवर दुधाचे लिटर लिहिते, सिलिंडर आल्याची तारीख लिहिते. गाडी आल्यापासून गाडी कुठे गेली आणि कोण कोण गेले, तेही ती तारखेच्या चौकोनात बारीक अक्षरात लिहीत होती. का, म्हणून विचारले तर म्हणाली, “डिझेलचा हिशेब नको का?” २०२५ च्या उन्हाळी सुट्टीत मी २०२४ ची बाराही पाने काढली आणि आम्ही दोघींनी मोजदाद केली. वर्षात गाडी ८३ वेळा बाहेर पडली. सांगली-तासगावच्या बाजाराला ३१ वेळा, मिरजेला दवाखान्यात २२ वेळा, लग्न-बारसे-मयताला १७ वेळा, आईच्या माहेरी ९ वेळा आणि देवदर्शनाला ४ वेळा. यांपैकी पाचांहून अधिक माणसे गाडीत होती अशा खेपा भरल्या फक्त सहा. उरलेल्या ७७ वेळा मागच्या आसनांनी रिकामाच प्रवास केला. मिरजेच्या त्या २२ खेपांतही आजीच्या मोजक्याच. पुष्कळशा अण्णा एकटे तिची औषधे आणायला गेले त्या होत्या.

हा कागद आईने अण्णांपुढे ठेवला. आता कथा-कादंबरीत अण्णांचे डोळे उघडले असते. तसे काही झाले नाही. ते म्हणाले, “माणूस वर्षातनं सहा वेळाच चार लोकांत दिसतो. त्या सहा वेळांसाठीच गाडी असती.” हा युक्तिवाद मला अजूनही अगदीच टाकाऊ वाटत नाही. आई एवढेच म्हणाली, “मग त्या सहा वेळा भाड्यानं मोठी आणू. ड्रायव्हर पण मिळंल, तुम्ही सायबावानी बसा.” विषय तिथेच थांबला आणि दोन महिने थांबून राहिला. पण या वेळी एक फरक होता. बोलणे ‘मोठी का छोटी’ या आवडीवरून ‘८३ पैकी ६’ या आकड्यावर आले होते. आवडीवर वाद घातला की माणूस दुखावतो. आकड्यावर वाद घालता येतो आणि रात्री एकत्र जेवताही येते.

या निमित्ताने मी जी काही माहिती गोळा केली, ती वाचकांच्या उपयोगी पडेल म्हणून थोडक्यात देते. पहिली गोष्ट कराची. २००६ च्या अर्थसंकल्पात केंद्र सरकारने चार मीटरच्या आतल्या छोट्या गाड्यांना, पेट्रोल इंजिन १,२०० आणि डिझेल इंजिन १,५०० सी.सी.च्या आत असेल तर, अबकारी करात सवलत दिली. तेव्हापासून कंपन्या गाड्यांची शेपटी छाटून त्या चार मीटरच्या आत बसवू लागल्या. डिकी लहान का, मागे गुडघे का टेकतात, याचे उत्तर पुष्कळदा या फूटपट्टीत असते. २२ सप्टेंबर २०२५ पासून अशा छोट्या गाड्यांवर जी.एस.टी. १८ टक्के झाला आणि याहून मोठ्या गाड्यांवर ४० टक्के. म्हणजे नव्या मोठ्या गाडीतल्या रिकाम्या आसनांवर आपण करही भरतो.

दुसरी गोष्ट सुरक्षेची. एअरबॅग चालकाच्या आसनासमोर सक्तीची झाली ती जुलै २०१९ पासून. चालकाशेजारच्या आसनासमोर ती सर्व नव्या गाड्यांत सक्तीची झाली २०२१ संपताना. मधली अडीच वर्षे कायद्याने फक्त चालकाची काळजी घेतली. कायद्याच्या मनात तसे नसेल. पण आपल्याकडे चालकाच्या जागी बहुधा कोण असते आणि शेजारी कोण, हे सांगायला नको. आमच्या २०१४ च्या गाडीत दोघांसमोरही ती नव्हती. आम्ही आसने मोजली, टायर मोजले, ही पिशवी मोजायची राहिली.

तिसरी गोष्ट मागच्या पट्ट्याची. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात उद्योगपती सायरस मिस्त्री यांचा मोटार अपघातात मृत्यू झाला. ते मागच्या आसनावर होते आणि त्यांनी पट्टा लावला नव्हता, असे पोलिसांनी सांगितले. गाडी अत्यंत महागडी होती. मागे बसणाऱ्यांनीही पट्टा लावायचा असा नियम आहे, न लावल्यास १,००० रुपये दंडही आहे. पण आपल्याकडे मागे बसतात आई, आजी आणि मुले. आणि सात आसनांची गाडी म्हणजे अकरा माणसांना आमंत्रण! जेवढे पट्टे तेवढी माणसे, हा साधा हिशेब धरला तर ‘मोठी गाडी सुरक्षित’ हे वाक्य तपासून घ्यावे लागते.

चौथी गोष्ट चालकाच्या आसनाची. अपघाताच्या चाचण्यांत कित्येक दशके जो मुख्य पुतळा वापरला गेला, तो पुरुषी बांध्याचा, सुमारे १७५ सेंटीमीटर उंच आणि ७८ किलो वजनाचा. माझी आई पाच फुटांना एक इंच कमी आहे. आसन वरखाली करण्याची सोय पुष्कळ छोट्या गाड्यांच्या स्वस्त प्रकारात मिळत नाही. जिथे ती नाही तिथे ‘बायकांना गाडी चालवायला जमत नाही’ असे म्हणण्यापूर्वी बाईला समोरचा रस्ता दिसतो का, हे आधी पाहावे.

आता कोणी म्हणेल, बायकाच नेहमी शहाण्या आणि पुरुष हौशी, असे तुला म्हणायचे आहे का? मुळीच नाही. माझ्या मामाच्या घरी याच्या उलट घडले. मामीच्या बहिणीने मोठी गाडी घेतली, म्हणून मामीला तिच्याहून मोठी हवी झाली. मामाने ऐपत नसताना हप्ता अंगावर घेतला आणि वर ‘घरात शांतता राहिली’ असे समाधान मानले. ती मामाची माघार. माघार घेणारा पुरुष असला म्हणून तिची तडजोड होत नाही. माझा मुद्दा बाई की पुरुष हा नसून, निर्णयात दोघांची मते सारख्या वजनाची होती का, हा आहे. ज्याच्या हाती किल्ली, ज्याच्या नावावर कागद आणि ज्याला गाडी ‘कळते’ त्याचे मत शेरभर आणि दुसऱ्याचे छटाकभर, अशा तराजूत मधोमध काटा कसा येणार?

२०२५ च्या दिवाळीत आमची मोठी गाडी विकली गेली. ३ लाख ४० हजार आले. दोन वर्षांत एक लाख वीस हजारांची तूट, आणि त्या काळातले व्याज निराळे. एवढे पैसे देऊन आम्ही एक धडा शिकलो. त्यातून बँकेचे उरलेले कर्ज फेडले आणि पुन्हा जुन्या बाजारातूनच पाच आसनांची, उंच टपाची छोटी गाडी घेतली. तिची बैठक आजीच्या कमरेच्या उंचीला येते. तिला चढावेही लागत नाही आणि वाकून आत घुसावेही लागत नाही. आधी आजी पाठ करून बसते, मग पाय आत घेते. पुढे दोन एअरबॅग हव्यातच अशी माझी अट होती, म्हणून २०२२ ची गाडी शोधली.

या वेळी कुणी काय सोडले ते सांगते, कारण तडजोडीची पावती तीच. अण्णांनी दोन आसने आणि गाडीची उंची सोडली. आईला गॅसवर चालणारी गाडी हवी होती, कारण तिचा खर्च कमी. पण गॅसची टाकी डिकी अडवते आणि अण्णांना डिकीत वेल्डिंगचे सामान न्यायचे असते. तेव्हा आईने गॅस सोडला, पेट्रोलची घेतली. अण्णांना चकाकणाऱ्या चाकांचा प्रकार आवडला, त्याला थोडे पैसे जास्त पडले. आईने कुरकुर केली नाही, कारण मान हीसुद्धा गरज आहे हे तिलाही पटते. शिवाय त्याच प्रकारात चालकाचे आसन वर करण्याची सोय होती. रंगाचे विचाराल तर तांबडा मिळाला नाही, करडा मिळाला. तो दोघांनाही फारसा आवडत नाही. कदाचित खऱ्या तडजोडीचा रंग तोच असावा.

दिवाळीनंतर आईने शिकाऊ परवाना काढला आहे. पक्क्या परवान्यासाठी महिनाभर थांबावे लागते आणि शिकाऊ परवाना सहा महिने चालतो, हे ती आम्हाला रोज ऐकवते. आसन पूर्ण वर घेऊनही खाली एक घडी केलेली चौघडी ठेवून ती बसते. गावाबाहेरच्या माळावर अण्णा तिला शिकवतात आणि दोघांचे तिथे बऱ्यापैकी भांडण होते. पहिली गाडी घेताना आमच्या घरात भांडण झाले नव्हते. हे भांडण ऐकताना मला भीती वाटत नाही.

मित्रमैत्रिणींनो, आपल्यापैकी बहुतेकांच्या घरात आज ना उद्या गाडी येईल, आणि काही वर्षांनी आपण स्वतःच कुणाच्या तरी शेजारी बसून ती निवडू. त्या वेळी दुकानातल्या दिव्यांखाली उभे राहून ‘तुला कोणती आवडते?’ असे विचारण्यापूर्वी घरातल्या कॅलेंडरची बारा पाने खाली काढावीत. गाडी कुठे जाणार, कोण बसणार, कोण चालवणार आणि पैसे कुणाकुणाचे, हे चार प्रश्न दोघांनी मिळून सोडवावेत. उत्तर कदाचित मोठी गाडी येईल, कदाचित छोटी, कदाचित ‘अजून दोन वर्षे एस.टी.च बरी’ असेही येईल. जे येईल ते दोघांचे असेल. आणि मुलांना मत विचारले गेले, तर ‘मोठी!’ म्हणून ओरडण्याआधी त्यांनी एकदा आजीच्या गुडघ्यांकडे पाहावे.

असो. आजी आता पुन्हा मिरजेला जाते. तिचे गुडघे काही बरे झालेले नाहीत. मधले जे महिने वाया गेले ते परत येणार नाहीत, असे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले आहे. पण परवा गाडीतून उतरताना तिने माझा पुढे केलेला हात बाजूला सारला आणि स्वतःच्या पायांनी खाली उतरली. स्टूल आता आईच्या शिलाई मशिनजवळ असते, मापे द्यायला येणाऱ्या बायकांना बसायला.

— एक विद्यार्थिनी, द्वितीय वर्ष कला